जागा मोजली, फेऱ्या कोण मोजणार?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. तुम्ही पार्किंगवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही नगररचनाकार नाही, अभियंताही नाही. उभा जन्म आम्ही वर्गात एकच काम केलं. एखादा मजकूर घ्यायचा, तो काय सांगतो ते वाचायचं आणि तो काय गृहीत धरतो ते त्याहून नीट वाचायचं. आजही तेच करणार आहोत. आजचा मजकूर आहे महाराष्ट्राची एकीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. बिल्डर आणि वास्तुविशारद तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये ती आली आणि मुंबई व आणखी काही मोजके भाग वगळता साऱ्या राज्याला लागू झाली. आपल्या धरमपेठेत आज जी जी इमारत उभी राहते आहे, ती या पुस्तकाप्रमाणे उभी राहते आहे. ज्या पुस्तकाचा आपल्या रोजच्या जगण्यावर इतका परिणाम होतो, त्याची समीक्षा व्हायला नको का?

निमित्त मात्र घरचं आहे. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे आम्ही तटस्थ आहोत असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

आमची फ्लॅट स्कीम ऐंशीच्या दशकातली. तीन मजले, आठ घरं. आम्ही राहायला आलो तेव्हा आठ घरांत मिळून एक फियाट होती. बाकी स्कूटर, लुना आणि सायकली. आता इमारत जुनी झाली, पुनर्विकासाचा प्रस्ताव आला. बिल्डरनं नकाशा दाखवला : खाली दोन मजले पार्किंग, वर सात मजले घरं. सभेत दीड तास चर्चा झाली. तिच्यातला तासभर एकाच गोष्टीवर गेला, की प्रत्येकाला कव्हर्ड पार्किंग किती? स्वयंपाकघरात उजेड कुठून येईल, हे कुणी विचारलं नाही. सात मजल्यांचं पाणी कुठून येईल, हेही नाही. शेवटी ठरलं, जुन्या सभासदाला दोन-दोन जागा. हात वर करायला सांगितले, आम्हीही केला.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, "दोन गाड्या कुणाच्या?" (हशा)

खरंच कुणाच्या? आमची गाडी आम्ही तीन वर्षांपूर्वी विकली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून आम्ही चालवत नाही. मुलगी पुण्याहून वर्षातून दोनदा येते, तीही रेल्वेनं. मग हात वर का केला? कारण सगळ्यांनी केला. कारण उद्या फ्लॅट विकायचा झाला तर किंमत येईल. आणि तिसरं कारण असं, की ती जागा फुकट मिळते आहे असं वाटलं. या तिसऱ्या कारणापासून सुरुवात करू.

नियमावलीत पार्किंगचा एक तक्ता आहे. घराचं चटई क्षेत्र अमुक असेल तर इतक्या मोटारींची जागा, इतक्या स्कूटरची जागा. घर मोठं, तर जागा जास्त. दुकानं, कार्यालयं, दवाखाने, मंगल कार्यालयं, सगळ्यांचे आकडे ठरलेले आहेत आणि ते किमान आकडे आहेत. म्हणजे याहून कमी ठेवायची नाही. एका मोटारीची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. गाडी हवेतून येत नाही. तिला रॅम्प लागतो, वळायला जागा लागते. हे सगळं धरलं की एका गाडीमागे पंचवीस-तीस चौरस मीटर जातात. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत शहरातल्या दुर्बल घटकाच्या घराचं चटई क्षेत्र तीस चौरस मीटरपर्यंत असायचं. एक गाडी आणि एक कुटुंब, दोघांना आपण जवळपास सारखीच जागा देतो.

आता खरी गंमत बघा. पार्किंगचा मजला, स्टिल्ट, पोडियम, तळघर, हे बांधकाम एफएसआयमध्ये मोजलं जात नाही. माणसाच्या बाल्कनीचं काय? ती मोजली जाते. आजी संध्याकाळी जिथे बसते ती बाल्कनी, शेजारणी जिथे दोन शब्द बोलतात तो पॅसेज, यांसाठी पूरक एफएसआय घ्यावा लागतो आणि त्याचं अधिमूल्य भरावं लागतं. गाडीचा मजला मात्र हिशेबाबाहेर. असं लिहिणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असं आम्ही म्हणत नाही. त्यांचा हेतू सरळ होता : इमारतीतल्या गाड्या इमारतीत राहाव्यात, रस्त्यावर येऊ नयेत. हेतू चांगला. पण वाक्य पुन्हा वाचा. "इमारतीतल्या गाड्या रस्त्यावर येऊ नयेत." मित्रहो, गाडी घेतात कशासाठी? रस्त्यावर यायला! (हशा)

हसण्यावारी नेऊ नका, सगळी चूक इथेच आहे. नियमावलीला गाडी ठाऊक आहे ती उभी असलेली. ती विचारते, गाडी राहील कुठे? ती दिवसातून किती वेळा बाहेर पडेल, कुठे जाईल, सकाळी आठ ते नऊ या एका तासात फाटकातून किती गाड्या निघतील, या प्रश्नांना पार्किंगच्या तक्त्यात रकानाच नाही. नगररचनेत याला 'फेरी' म्हणतात. घरातून निघालात, शाळेत पोचलात, एक फेरी. परत आलात, दुसरी. रस्त्याला त्रास होतो तो फेऱ्यांचा. आपल्या वेस्ट हायकोर्ट रोडवर संध्याकाळी जे काही चालतं, त्याला 'पार्किंगची समस्या' हे नाव देऊन आपण अर्धाच आजार सांगतो.

शिवाय जागा आणि फेरी या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. जागेची तरतूद करून ठेवली की फेरी वाढते. आमच्यासारखा गाडी विकून बसलेला माणूससुद्धा दोन रिकाम्या चौकोनांकडे पाहून म्हणू लागतो, एखादी घेऊन ठेवावी काय? नियम म्हणतो, आम्ही फक्त गरज मोजतो. पण मोजता मोजता तो गरज तयार करतो. अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, २०२५ साली वारले. त्यांनी २००५ मध्ये या एकाच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पार्किंग फुकट असताना जास्तीत जास्त किती गाड्या येतील याचा अंदाज बांधायचा आणि त्यालाच 'किमान गरज' म्हणायचं. मग त्याचा खर्च घराच्या, दुकानाच्या, जेवणाच्या किमतीत मिसळून सगळ्यांकडून वसूल करायचा. गाडी नसलेल्याकडूनही. आमच्या सभेत 'फुकट' मिळालेल्या दोन जागांचे पैसे वरच्या सात मजल्यांवर नवी घरं घेणारे भरणार आहेत. एकाही नव्या कुटुंबानं ते देणं मान्य केलेलं नाही. ती कुटुंबं अजून आलेलीच नाहीत.

आता कुणी म्हणेल, आठ घरांची इमारत, तिच्यानं असा काय फरक पडतो? हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. ग्रीकांमध्ये युबुलिडीझ नावाचा एक तर्कपंडित होऊन गेला. तो विचारायचा, धान्याचा एक दाणा म्हणजे ढीग का? नाही. दोन दाणे? नाही. मग कितव्या दाण्याला ढीग झाला? आपल्या धरमपेठेचं नेमकं असं झालं आहे. नागपूर सुधार प्रन्यासाच्या काळात आखलेले आपले लेआउट, बंगल्यांसाठी पाडलेले प्लॉट, त्या बेतानं ठेवलेले आतले रस्ते. एक बंगला पाडून दहा फ्लॅट झाले, काही बिघडलं नाही. शेजारचा पाडला, काही बिघडलं नाही. परवानगी दर वेळी एका प्लॉटची असते, त्यामुळे दर वेळी उत्तर एकच : काही बिघडत नाही. पर्यावरण परवानगीची अट वीस हजार चौरस मीटर बांधकामापासून सुरू होते. आपल्या गल्लीतली इमारत त्या उंबरठ्याच्या आसपासही येत नाही. ढिगाची जबाबदारी कुठल्याच दाण्यावर नाही. स्थानिक धोरण लागतं ते इथे. ढीग मोजायचं काम दाण्याला करता येत नाही, ते महापालिकेनं करायचं असतं.

"पण सर, मेट्रो आली ना!" आली. अ‍ॅक्वा लाइनचा लोकमान्यनगर ते सीताबर्डी हा टप्पा जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला. शंकरनगर आणि एलएडी चौक ही दोन स्थानकं आपल्याला पायी जाण्यासारखी आहेत. नियमावलीनंही त्याची दखल घेतली. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरच्या पट्ट्यात, प्लॉट मोठा आणि रस्ता रुंद असेल तर अधिमूल्य भरून एफएसआय चारपर्यंत मिळू शकतो. विचार असा, की स्थानकाजवळ जास्त माणसं राहिली की ती मेट्रोनं जातील. केंद्राचं २००६ चं नागरी वाहतूक धोरणही हेच म्हणतं, की वाहनांची नव्हे, माणसांची वाहतूक डोळ्यांपुढे ठेवा.

इथे आम्हाला न्यायदर्शनातलं गाढव आठवतं. घट तयार व्हायला माती लागते, चाक लागतं, कुंभार लागतो, ही कारणं. माती ज्या गाढवावर लादून आणली ते गाढवही घटाच्या आधी हजर होतं. मग तेही घटाचं कारण का? नैयायिक म्हणतात, नाही, ते 'अन्यथासिद्ध'. ते नसतं तरी माती डोक्यावरून आणता आली असती. घटाच्या आधी तिथे असणं वेगळं आणि घटाचं कारण असणं वेगळं. आता सांगा, इमारत मेट्रोपासून तीनशे मीटरवर असणं, हे फेऱ्या कमी होण्याचं कारण आहे, की गाढव? खाली दोन मजले पार्किंग, वर तीन शयनगृहांचे फ्लॅट, फाटकापासून स्थानकापर्यंत सलग फूटपाथ नाही. अशा इमारतीतला माणूस मेट्रोच्या पुलाखालून गाडी काढतो आणि ऑफिसला जातो. मेट्रो त्याच्या प्लॉटच्या भावाचं कारण झाली. त्याच्या प्रवासाच्या बाबतीत ती नुसती तिथे उभी आहे.

कार्यकारणभाव तपासायची आपली रीत अन्वय-व्यतिरेकाची. हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. पार्किंगच्या बाबतीत असा प्रयोग करणं अवघड, कारण ज्याला गाडी हवी तो पार्किंगवालं घर बघूनच घेतो. पण सॅन फ्रान्सिस्कोत परवडणारी घरं सोडतीनं देतात. कुणाला कुठल्या इमारतीत घर लागेल हे नशिबावर, आणि काही इमारतींत पार्किंग भरपूर, काहींत अजिबात नाही. संशोधकांनी अशा कुटुंबांचा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या इमारतींत घरटी किमान एक जागा होती, तिथे गाडी बाळगण्याचं प्रमाण पार्किंग नसलेल्या इमारतींच्या दुपटीहून जास्त निघालं. आणि जागा नव्हती म्हणून लोकांच्या नोकऱ्या गेल्या, असं काही आढळलं नाही. माणसं तशीच, शहर तेच. फरक फक्त खालच्या मजल्याचा. तेव्हा पार्किंग हे गाढव नाही, ते कुंभाराच्या चाकाच्या जास्त जवळ आहे.

मग दुसरीकडे काय करतात? मेक्सिको सिटीनं २०१७ मध्ये किमानाची अट काढून कमाल मर्यादा घातली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. दहा किंवा अधिक घरांच्या नव्या इमारतीला गुणांचं एक उद्दिष्ट दिलं जातं. पार्किंग जितकं जास्त, तितकं उद्दिष्ट मोठं. गुण मिळवायला एक यादी आहे : सुरक्षित सायकलतळ, रहिवाशांना बस-रेल्वेचा पास, सामायिक गाडी, पार्सल ठेवायची कपाटं, पार्किंगची किंमत घराच्या किमतीपासून वेगळी करणं, किंवा सरळ जागाच कमी ठेवणं. बिल्डरनं आपल्याला जमेल ते निवडायचं. महत्त्वाचं म्हणजे लोक राहायला आल्यावरही तपासणी सुरू राहते. आपल्याकडे भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की इमारतीचं आणि महापालिकेचं नातं मालमत्ता करापुरतं उरतं.

आता आक्षेपांकडे येऊ. ते आमच्याही मनात आहेत.

पहिला आक्षेप : जागा कमी केली तर गाड्या रस्त्यावर उभ्या राहतील. ही भीती खरी आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याच नियमावलीवर जनहित याचिका आली होती. तक्रार अशी, की बिल्डरांना पार्किंग कमी ठेवायची मुभा दिली, आता गाड्या रस्त्यावर येतील. सुनावणीत न्यायालयानं उलटाच प्रश्न केला : ज्याच्याकडे एकच फ्लॅट आणि पुरेशी जागा नाही, त्याला चार-पाच गाड्या घेऊ का द्यायच्या? आमच्या मते त्या सगळ्या वादात मुळाशी जाणारा प्रश्न तोच होता. याचिका म्हणत होती जागा वाढवा, शासन म्हणत होतं कमी चालेल. गाड्यांची संख्या दोघांनीही पावसासारखी आकाशातून येणारी मानली. जपाननं १९६२ सालीच कायदा करून ठेवला की गाडी घ्यायची तर ठेवायला जागा आहे हे मालकानं दाखवायचं. तिथे जबाबदारी गाडी घेणाऱ्याची, इथे आपण ती घर घेणाऱ्या प्रत्येकावर टाकली. तेव्हा क्रम महत्त्वाचा : आधी रस्त्यावरची फुकट जागा संपवायची, मग इमारतीतला किमान आकडा खाली आणायचा. उलट केलं तर आक्षेप घेणारे खरे ठरतील.

दुसरा आक्षेप : हे नागपूर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, कोण चालणार? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पांढराबोडीतून रोज चालत येतात, मे महिन्यातही. चालणारे आहेतच, आपण त्यांना मोजत नाही. त्यांच्या वाटेवर प्रत्येक नव्या इमारतीनं रॅम्प फूटपाथवर उतरवला आहे, म्हणून त्या रस्त्यावरून चालतात. पार्किंगच्या तक्त्यानं त्यांना काय दिलं? गाड्यांना वाट दिली आणि मावशींची वाट कापली. झाडाची सावली आणि सलग फूटपाथ याही फेऱ्या कमी करणाऱ्याच गोष्टी आहेत, आणि त्या बिल्डरकडून परवानगीच्या वेळीच मागता येतात.

तिसरा आक्षेप आमच्या नातीच्या वयाच्या मुलींचा. आजोबा, स्कूटी आहे म्हणून मी रात्री नऊला क्लासवरून एकटी येऊ शकते. याला आमच्याकडे उत्तर नाही आणि देऊही नये. रात्री नऊला भरवशाची बस नसेल, तर तिची फेरी कमी करायचा अधिकार कुणालाच नाही. फेऱ्या कमी करायच्या त्या पर्याय असलेल्यांच्या. सुरुवात आमच्यापासून करा. गोकुळपेठ बाजार आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि गाडी होती तोवर आम्ही कोथिंबीर आणायला गाडी काढत होतो.

मग करायचं काय? राज्याची नियमावली महापालिकेला परस्पर बदलता येत नाही. पण १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव शासनाकडे पाठवता येतो. तो पाठवावा आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात. एक, दहाहून अधिक घरांच्या प्रत्येक प्रस्तावासोबत रोजच्या फेऱ्यांचा अंदाज आणि त्या कमी करण्याच्या उपायांची यादी. दोन, मेट्रोच्या पट्ट्यात जो वाढीव एफएसआय घेईल, त्याला पार्किंगची कमाल मर्यादा. चारचा एफएसआयही हवा आणि घरटी दोन गाड्याही हव्यात, असं चालणार नाही. तीन, भोगवटा प्रमाणपत्रानंतर दरवर्षी फाटकावर एक दिवस मोजणी, आणि तिचा आकडा जाहीर. पुस्तकात फेरीचा रकाना आला, की पुढचा वाद निदान योग्य गोष्टीवर होईल.

आणि एक गोष्ट शासनाची वाट न पाहता करता येते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सांगितलं, की स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी सुटी विकता येत नाही. ती सगळ्यांची सामायिक आहे. खटला महाराष्ट्रातलाच. लोकांनी त्याचा अर्थ घेतला, बिल्डरची लूट थांबली. तो बरोबरच. पण जे सगळ्यांचं आहे त्याचं भाडं सगळ्यांना मिळायला हवं, हा अर्थ राहून गेला. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला पार्किंगचं शुल्क ठरवता येतं. ते नाममात्र न ठेवता खरं ठेवा, दुसऱ्या गाडीला दुप्पट ठेवा, आणि जमा होईल ते देखभालीच्या खर्चात वळतं करा. ज्याच्याकडे गाडी नाही त्याचा महिन्याचा खर्च तेवढा हलका होईल. महापालिका स्थानिक, तशी सोसायटीची सभाही स्थानिकच.

आम्ही सचिवांना पत्र दिलं आहे. आमच्या दोन्ही जागा सामायिक ठेवा, आणि नकाशात पार्किंगचा एक मजला कमी होतो का ते वास्तुविशारदाला विचारा. सचिव आमचे जुने विद्यार्थी. ते म्हणाले, "सर, तुमचं पटते मले, पण बाकीचे सात जण तुमच्या नावानं बोंबलून राहिले." (हशा) खरं आहे. एकानं तर विचारलं, उद्या फ्लॅट विकताना पस्तावाल तेव्हा? कदाचित पस्तावू. तोटा आमचा होईल हे आम्ही नाकारत नाही. पण आजवर तो तोटा न विचारता दुसऱ्यांवर टाकत होतो, हेही आता नाकारता येत नाही.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. हात वर करायची वेळ आली की आम्ही काय करतो, ते पुढच्या व्याख्यानात सांगू. तोवर आपापल्या इमारतीच्या फाटकावर एक दिवस सकाळी आठ ते नऊ उभे राहा आणि नुसतं मोजा. किती गाड्या निघाल्या, प्रत्येकीत किती माणसं होती, आणि त्याच वेळात किती जण चालत आत आले.

आता प्रश्न विचारा.